शिट्टी मारत येणाऱ्या बाई

पेणमध्ये बाईंचा विषय निघाला की लोक लगेच शिट्टीवर येतात. कुणीतरी तोंडात बोटं घालून ती वाजवून दाखवतं, बाकीचे हसतात, चहा मागवला जातो. मला या हसण्याचा राग येतो. तेव्हाही यायचा, आता जास्त येतो. कारण हसणाऱ्यांत असेही लोक आहेत ज्यांना त्या शिट्टीपायी बाईंची नोकरी कशी टांगणीला लागली होती ते नीट माहीत आहे. माहीत असून हसतात. म्हणून हे लिहायला घेतलं.

नव्वदीच्या दशकात मी पेणला एका छापखान्यात मुद्रितं तपासायची आणि रामवाडीला एका चाळीत राहायची. बाई शेजारच्या खोलीत. माझे वडील रोह्याच्या एका रासायनिक कारखान्यात युनियनचं काम करत, त्यामुळे आमच्या घरात देवांच्या तसबिरींपेक्षा पत्रकं जास्त. अक्षरओळख झाली ती 'कामगार बंधूंनो' या शब्दांवर. अन्याय दिसला की माझा हात कागदाकडे जायचा. बाईंचा पान्याकडे. आमच्या दोघींमधलं सगळं भांडण एवढंच होतं.

बाई शिवण शिकवायच्या. चाळिशी ओलांडलेली, उंच, हडकुळ्या, लग्न न केलेल्या. गळ्यात कायम मापाची टेप. बाजारात, बँकेत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. खाडीकाठच्या गावातला जन्म, आईबाप मिठागरावर राबलेले. शाळेत बाई छापील पुस्तकासारखं शुद्ध बोलत. शाळेच्या दाराबाहेर पाऊल पडलं की नाय, व्हय, हाय सुरू. समोरचा माणूस त्यांच्यावर ओरडत असला तरी त्या त्याच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत, शर्टाकडे बघायच्या. एकदा वडखळ नाक्यावर एक कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून त्यांच्या अंगावर धावून आला. बाईंनी त्याला सगळं बोलू दिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तुमचा उजवा मुंढा चुकलाय. म्हणून हात वर केलात की शर्ट ओढतोय. टेलर बदला." कंडक्टरने हात खाली घेतला.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी काही तक्रार घेऊन आलं की म्हणायच्या, "रडगाणं नको गो, बिघाड सांग." चाळीचा मालक एकदा म्हणाला, "पाणी गळणारच बाई, चाळ जुनी आहे." बाई म्हणाल्या, "जुनी हा बिघाड नाय. कुठलं कौल फुटलंय ते दाखवा." आणि शिडी लावून स्वतः वर चढल्या. खालून मालक म्हणत राहिला, "अहो उतरा, लोक बघतायत." बाई वरून म्हणाल्या, "बघू द्या, त्यांची पण कौलं फुटली असतील."

माझं म्हणणं असं की काही बिघाड कौलात नसतात, मालकात असतात. हे मी त्यांना कितीदा सांगितलं. त्या ऐकायच्या, मान डोलवायच्या आणि कौल बदलायच्या.

सकाळी पेणच्या शाळेत त्यांचे तास असत, दुपारी रोह्याच्या मुलींच्या शाळेत. दोन्हीकडे अर्धवेळ. एका नोकरीत पोट भरत नव्हतं म्हणून दोन. रोह्याची जागा वर्षअखेरीला कायम होणार होती, फक्त एका अटीवर, की तोवर बाईंविरुद्ध एकही तक्रार शिल्लक असता कामा नये. आणि संस्थेच्या चिटणीसांच्या सुनेने नुकताच शिवणकामाचा डिप्लोमा पुरा केला होता. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या की पुढचं सगळं समजतं. रोह्यात ते सगळ्यांना समजत होतं. बोलत कुणी नव्हतं.

चिटणीस गोड बोलायचे. कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा, कपाळाला गंध, आवाज खाली. "बाई, तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही. पण उशीर होतो ना, मुलींचं नुकसान होतं हो." उशीर व्हायचाच. पेणहून सुटलेली एसटी वडखळला ट्रकांच्या रांगेत अडकायची, नागोठण्याला चहा प्यायची, भिसे खिंडीत धापा टाकायची. रोह्याला जाणारी गाडी रेल्वेचीही होती, पण तिची वेळ बाईंच्या वेळेला नव्हती. शेवटी बाईंनी कर्ज काढून स्कूटर घेतली. ती छोटी, बिनगियरची, जिच्या जाहिरातीत वेणी घातलेली मुलगी हसत असायची. दुकानदाराने किल्ली देताना म्हटलं, "लेडीजसाठीच आहे बाई. हळू जाते, सेफ."

हळू म्हणजे किती हळू, ते भिसे खिंडीत कळलं. रोह्याला वडिलांच्या ऑफिसात जायचं असलं की मी बाईंच्या मागे बसायची. खिंडीचा चढ लागला की इंजिन रडायला लागायचं. बाई म्हणायच्या, "उतर गो, चाल." मी उतरून चालायची आणि स्कूटरच्या पुढे निघून जायची. वर दगडावर बसून वाट बघायची. मागून एसटी यायची, खिडकीतली माणसं आम्हाला हात करायची. आणि उशीर तो उशीरच. एसटीचा उशीर गेला, स्कूटरचा आला.

"बाई, सेफ आहे ना," मी चिडवायची.

"हाय ना. ह्या वेगाने मरायला पण येळ लागंल."

एका रविवारी बाईंनी चाळीच्या अंगणात गोणपाट पसरलं आणि स्कूटर उघडली. उसवलेल्या ब्लाउजचे तुकडे जसे ओळीने मांडतात तसे तिचे भाग मांडले. सायलेन्सरची नळी काढून तिच्या तोंडात बघितलं, मग टेपने मापलं, मग पुन्हा मापलं. नळी चांगली रुंद होती. पण तिच्या तोंडाशी आतून एक जाड वॉशर डाकलेला होता आणि त्याला भोक जेमतेम बोटभर.

महामार्गाच्या कडेला एक मेकॅनिक होता, त्याला बाईंनी बोलावून आणलं. त्याला यात नवल काहीच वाटलं नाही.

"कंपनीनंच बसवलाय तो," तो म्हणाला. "धूर बाहेर जायला जागा कमी, म्हणजे गाडी पळत नाय. लेडीज गाडी ना. जास्त पळायला नको."

"कुणाला नको?" बाईंनी विचारलं.

"म्हंजे... तशी पद्धत हाय."

मला आजही ते शब्द आठवले की कानशिलं तापतात. इंजिन बनवायचं, ते पळू शकतं हे माहीत असायचं, आणि मग विकत घेणारी बाई आहे म्हणून त्याच्या नरड्यात लोखंडाची चकती डाकायची. पैसे पूर्ण इंजिनाचे घ्यायचे. वर जाहिरातीत त्या मुलीला हसायला लावायचं. कायद्यात वेग किती, परवाना कुठला, ही कारणं नंतर मला पुष्कळांनी सांगितली. ती कारणं मुलग्यांच्या मोटारसायकली बनवताना कुठे जातात, ते कुणी सांगितलं नाही.

मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. 'भगिनींनो, तुमच्या गाडीचा गळा कुणी आवळला?' छापखान्यात लग्नपत्रिकांचा जाड गुलाबी कागद उरला होता, त्यावर छापून घेतलं. गठ्ठा घेऊन बाईंकडे गेले. बाईंनी एक पत्रक उचललं आणि कापड बघावं तसं अंगठा आणि बोटामध्ये चोळून बघितलं.

"झकास हाय गो. जाड. अजून हायत?"

"बाई, वाचा तरी!"

"वाचते ना," म्हणत त्यांनी ते उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने रेघ ओढली. माझं पहिलं स्वतंत्र पत्रक स्कूटरच्या सायलेन्सरचा कागदी बेत झालं. भगिनींनो हा शब्द कात्रीत गेला.

पण सायलेन्सर ही नंतरची पायरी. आधी त्यांनी नुसता वॉशर काढला. स्कूटर वडखळच्या सपाट रस्त्यावर अशी सुटली की बाईंनी पदर दातात धरला. नागोठण्याच्या अलीकडे इंजिनाने एक चीत्कार केला आणि चाक जागच्या जागी थांबलं. पिस्टन जाम. मेकॅनिक म्हणाला, "वारा वाढवलात, पेट्रोल नाय वाढवलंत. कार्बोरेटरचा जेट मोठा लागंल." जेट म्हणजे पितळेची एवढीशी गुंडी, तिच्या भोकातून पेट्रोल येतं आणि भोकाचं माप तिच्यावर आकड्यात कोरलेलं असतं. बाईंना ते लगेच पटलं, पण स्वतःच्या भाषेत. "व्हय, व्हय. घेर वाढवला की अस्तर पण वाढवायला लागतं."

त्यानंतर त्यांना थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. इंजिनाचं वरचं झाकण काचेच्या तुकड्यावर पॉलिशपेपर ठेवून रोज थोडं थोडं घासायच्या, म्हणजे आतली जागा कमी होऊन दाब वाढेल. सिलिंडरच्या आत धूर जायच्या वाटेवर त्यांनी शिवणाच्या खडूने खूण केली आणि बारीक कानशीने ती वाट रुंद केली. कडा अगदी गुळगुळीत. "नायतर पिस्टनची रिंग अडकंल. बटणाचं काजं नीट नाय केलं तर दोरा अडकतो ना, तसं." स्वयंपाकाच्या ओट्यावर कानशी, पॉलिशपेपर आणि भाताची पेज एकत्र नांदत होती.

आणि मग ती सायलेन्सरची नळी. अशा इंजिनाची नळी साधी चालत नाही, आधी फुगत जाणारी आणि मग निमुळती होणारी लागते, हे त्यांना मेकॅनिकने सांगितलं. बाई म्हणाल्या, "म्हंजे कळीदार परकरासारखी." माझ्या गुलाबी कागदावर त्यांनी कळ्या, म्हणजे एका टोकाला निमुळते होणारे तुकडे, बेतल्या, तेलाच्या डब्याचा जाड पत्रा त्या मापाने कापून घेतला आणि वेल्डिंगवाल्याकडे नेला. तिथे वेल्डर म्हणाला, कडा बाहेरून जोडूया. बाई भडकल्या. "शिवण बाहेर? ब्लाउज उलटं घालून फिरू का?" कपड्याची शिवण आत असते, शिवणीपलीकडे सोडलेलं जास्तीचं कापडही आत असतं. बाईंनी पत्र्याची जास्तीची कड आत वळवून घेतली. वेल्डरने खांदे उडवले. आयुष्यभर कापड शिवलेल्या माणसानेच करावी अशी ती चूक होती.

सोमवारी सकाळी रामवाडीत स्कूटर सुरू झाली. रस्त्याला लागून वेग घेतला आणि शिट्टी वाजली. नळीतून जाणारा धूर त्या आतल्या कडेवर आपटत होता. पातळ, लांब, चढत जाणारी शिट्टी. एखाद्या टपोरीने मुलीला बघून मारावी तशी हुबेहूब. बाजारातली माणसं मान वळवून बघायला लागली, आणि दिसलं काय, तर साडी नेसलेल्या, गळ्यात टेप घातलेल्या शिवणाच्या बाई ताठ बसून चालल्या आहेत आणि शिट्टी वाजते आहे. एसटीच्या ड्रायव्हरांनी उलट शिट्ट्या मारल्या. वडखळला हवालदाराने थांबवलं.

"कोण मारतंय?"

"सायलेन्सर."

"त्याला गप करा."

"करीन. आता येळ नाय."

त्या दिवशी बाई रोह्याला शाळेची घंटा व्हायच्या आधी पोचल्या. वर्षात पहिल्यांदा. आणि त्याच दिवशी चिटणीसांनी त्यांना ऑफिसात बोलावलं.

"बाई, तक्रार आली आहे. आपण गावातून शिट्ट्या मारत येता."

"मी नाही सर, सायलेन्सर."

"पण लोकांना कसं कळणार कोण मारतंय ते?"

हे वाक्य पेणपासून रोह्यापर्यंत विनोद म्हणून फिरलं. त्यात हसण्यासारखं काय नाही, ते मी सांगते. त्याच शाळेच्या फाटकासमोर पानाच्या टपरीवर गावातली मुलं वर्षानुवर्षं उभी राहत होती. शाळा सुटली की खऱ्या शिट्ट्या वाजायच्या, खऱ्या तोंडांनी, खऱ्या मुलींना. मुली खाली मान घालून, दप्तर छातीशी धरून भिंतीच्या कडेने जायच्या. त्या शिट्ट्यांची एकही तक्रार त्या ऑफिसात कधी लिहून घेतली गेली नव्हती. लिहून घेतली गेली ती एका पत्र्याच्या नळीची. कारण ती बाईच्या बुडाखाली होती.

मी त्या दिवशी बाईंच्या खोलीत पाय आपटत गेले. बाई गॅसबत्तीवाल्याकडून आणलेल्या चिमट्याने नळी धरून बसल्या होत्या.

"बरोबर हाय त्यांचं," त्या म्हणाल्या. "बिघाडच तो. कड आत राह्यली."

"बाई, बिघाड नळीत नाही! त्या माणसात आहे!"

बाईंनी नळी खाली ठेवली आणि माझ्याकडे अगदी मनापासून बघितलं. "आसंल. पण त्याला उघडू कुठनं? गाडीला बोल्ट हायत."

कड बाहेर घेतली. शिट्टी गेली. पण शिट्टीच्या मागे दडलेला इंजिनाचा आवाज आता मोकळा झाला, आणि दुसरी तक्रार आली. गोंगाट. शाळेच्या वातावरणाला शोभत नाही. बाईंनी सायलेन्सरला आवाज शोषणारं काहीतरी भरायचं ठरवलं. आजूबाजूला गणपतीचे कारखाने. प्लास्टरच्या मूर्तीला आतून ताकद यावी म्हणून तिथे नारळाचा काथ्या वापरतात, त्याचे भारे पडलेले. बाईंनी एक मूठ मागून आणली आणि नळीत ठासली. आवाज एकदम बसला. नागोठण्यापर्यंत बाई खूश होत्या. पुढे काथ्या पेटला. पेटला म्हणजे धुमसला. रोह्याच्या पुलावर त्या पोचल्या तेव्हा त्यांच्यामागे होळी विझवल्यावर येतो तसा धूर होता. तिसरी तक्रार, धूर.

"काथ्या कुणी भरला सायलेन्सरमदी?" मेकॅनिकने कपाळाला हात लावला. "बाई, तो जळतो!"

"गणपतीत नाय जळत."

"गणपती पेट्रोलवर चालतो का?"

माझ्या वडिलांच्या कारखान्यात वाफेच्या नळ्यांना काचलोकर गुंडाळतात. तिचा टाकाऊ तुकडा मी आणून दिला. काचलोकर जळत नाही. आवाजही गेला, धूरही गेला. मग साडीची तक्रार आली. वेगात साडी उडते, शिक्षिकेला शोभत नाही. बाईंनी दोन साड्या मधोमध कापून अशा शिवल्या की उभं राहिलं की साडी दिसे आणि बसलं की पायजम्यासारख्या मोकळ्या. चिटणीसांना तीन वेळा नीट बघूनही फरक सांगता येईना.

या सगळ्या महिन्यांत मी रागाने जळत होते, आणि खोटं कशाला सांगू, बाईंवरही जळत होते. प्रत्येक तक्रारीला त्या अशा सामोऱ्या जायच्या जणू ती खरीच आहे. रोह्यातले श्रीमंत पोरगे सायलेन्सर काढून मोटारसायकली गल्लीगल्लीतून फिरवत होते, त्यांना कुणी वातावरण शिकवत नव्हतं. आणि माझ्या बाई कात्री, कानशी आणि काचलोकर घेऊन त्या झब्ब्यातल्या माणसाची एकेक लबाडी दुरुस्त करत बसल्या होत्या! मी म्हणायची, "तुम्ही एक भोक बुजवलंत की तो दुसरं पाडतो. हे संपणार नाही." त्या म्हणायच्या, "संपंल. भोकं पाडायला पण डोकं लागतं. त्याचं संपंल आधी."

पण ज्या दिवशी सगळं जुळून आलं, तो दिवस मी विसरणार नाही. मी मागे बसले होते. भिसे खिंडीचा चढ लागला. मी सवयीने उतरायला पाय काढला. बाई मान न वळवता म्हणाल्या, "बस गप." इंजिनाने आवाज चढवला नाही, घट्ट केला. समोर एसटी होती. आम्ही तिच्या शेजारी आलो, खिडकी खिडकी मागे पडत गेली, ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. बाईंच्या गळ्यातल्या टेपची दोन टोकं माझ्या दोन्ही खांद्यांवर फडफडत होती. वर पोचल्यावर मी ओरडले, "बाई, भन्नाट!" त्यांनी फक्त विचारलं, "डावीकडं खडखड येते का गो?"

वर्षअखेरीला समितीची बैठक लागली. जागा कायम करायची की नाही, ते त्या दिवशी ठरणार होतं. मी बाईंबरोबर गेले. पिशवीत नवं पत्रक होतं, या वेळी पातळ कागदावर, म्हणजे बेतायला उपयोगी पडू नये. मला बाहेरच्या बाकावर बसवलं, पण खिडकी उघडी होती.

चिटणीसांनी कागद वाचला. वेळेबद्दल तक्रार नाही. आवाज नाही. धूर नाही. पोशाख ठीक. वाचता वाचता त्यांचा आवाज हळूहळू उदास होत गेला. समितीतले एक म्हातारे सभासद तर म्हणाले, "मग करा की सही." मला वाटलं, जिंकल्या बाई. त्यांचं खरं आणि माझं खोटं. मला त्याचाही आनंद झाला.

"एकच राहिलं," चिटणीस म्हणाले. "बाई, आमच्या नातीने घरी काय मागितलं असेल? दहावीनंतर स्कूटर. आणि म्हणते, इंजिन मी स्वतः उघडणार. एकटी नाही ती. पालक येऊन सांगतायत. शिवणाच्या तासाला मुली सायलेन्सर काढतात वहीत."

"कळी बेतायला शिकवते मी सर. अभ्यासक्रमात आहे," बाई म्हणाल्या.

"असेल. आमचं म्हणणं इतकंच, उद्या प्रार्थनेच्या वेळी सगळ्या मुलींसमोर तुम्ही दोन शब्द बोला. की मी करते ते माझ्या अडचणीपोटी करते, मुलींनी याच्या नादी लागू नये. गाडी, इंजिन हे आपलं काम नव्हे. बस. तेवढं बोललात की मी लगेच सही करतो. तुमच्यासाठी काय कठीण आहे? इतक्या दुरुस्त्या केल्यात."

 मी बाकावरून उठून खिडकीशी गेले. खरं सांगते, मला भीती वाटली. दोन वाक्यं होती. कानशी लागत नव्हती, काचलोकर लागत नव्हती. आणि सांगतील ती दुरुस्ती करायची बाईंना सवय होती.

बाईंनी पहिल्यांदाच चिटणीसांच्या झब्ब्याकडे न बघता तोंडाकडे बघितलं.

"ह्यात बिघाड काय हाय?" त्यांनी विचारलं.

त्या खोलीत त्यांनी आजवर एकदाही 'हाय' म्हटलं नव्हतं.

"बिघाड म्हणजे... हेच. मुली मागायला लागल्यात."

"काय मागतायत?"

"सांगितलं ना. गाडी."

"मग चालू झालं म्हणा की," बाई म्हणाल्या. "बिघाड नाय हा. नाय सायेब. ही दुरुस्ती माझ्याच्यानं नाय व्हायची."

चिटणीसांनी पेनाचं टोपण लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका निवांतपणा मी वर्षभरात बघितला नव्हता. जूनमध्ये सून त्या जागेवर रुजू झाली. सासऱ्यांच्या मोटारीतून यायची, घंटा होऊन गेल्यावर यायची, आणि तिच्याविरुद्ध कधी कसलीही तक्रार झाली नाही. ज्यांना शिट्टीचा विनोद सांगायचा असतो त्यांनी तो इथपर्यंत सांगावा आणि मग हसता येतं का बघावं.

बाई बाहेर आल्या तेव्हा मी पिशवीतून पत्रकं काढत होते. मला तिथेच, त्या आवारात, त्या टपरीवर, सगळ्या रोह्यात वाटायची होती.

"ते मागनं," बाई म्हणाल्या. "आधी पाना धर."

झाडून लख्ख केलेल्या आवारात, समितीच्या खिडकीसमोर, त्या उकिडव्या बसल्या आणि सायलेन्सरचं तोंड खोललं. आतली काचलोकर हाताला फडकं गुंडाळून ओढून काढली. काळी, तेलकट, धुराने भरलेली. ती त्यांनी फेकली नाही, नीट घडी करून पायरीवर ठेवली. तोंड पुन्हा आवळलं. वर्गांच्या खिडक्यांत वेण्याच वेण्या गोळा झाल्या होत्या. कुठली तरी शिक्षिका आतून "बसा, बसा गं" म्हणत होती आणि कुणी बसत नव्हतं.

स्कूटर सुरू झाली. इतके महिने दाबून ठेवलेला सगळा आवाज एकदम बाहेर आला, कौलांवरची कबुतरं उडाली. मी मागे बसले. फाटकाशी पोचलो तोच एका खिडकीतून एक मुलगी गजांना धरून जिवाच्या आकांताने ओरडली, "बाई! जेट कितीचा घातलाय?"

बाईंनी ब्रेक दाबला. वळून बघितलं. आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या त्यांच्या वर्गातल्या आवाजात, स्वच्छ, शुद्ध मराठीत त्यांनी उत्तर दिलं, "पासष्टचा! पण त्याआधी वॉशर काढायचा!"